साडभाऊंचा गाण्याचा डब्बा

आमच्या साडभाऊंना एखादी गोष्ट पटवून देईल असा माणूस उमरखेड तालुक्यात अजून जन्माला आलेला नाही, आणि येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमरखेडच्या बाजारात त्यांचं बी-बियाणं आणि खता-औषधांचं दुकान आहे, गावाबाहेर कपाशी-तुरीचं शेत आहे, आणि या दोहोंच्या मध्ये, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, ज्याच्यासाठी ते खरोखर जगतात ते गाणं ऐकण्याचं सामान आहे. मी महागावला शाळेत शिकवतो. मधे बसचा थोडकासा रस्ता, त्यामुळे सुट्टी लागली की आमचं जाणंयेणं असतं. साडभाऊंशी वाद घालून हरण्याचा जिल्ह्यातला सर्वांत दांडगा अनुभव माझ्या गाठी आहे, एवढं मी नम्रपणे सांगू शकतो.

साडभाऊ मुळातच उफराटे. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं तर ते संध्याकाळी चालतात. ‘सक्काळी सारं गाव चालते. हवा उरते का आपल्याले?’ असा त्यांचा सवाल असतो. दुकानात एखादा शेतकरी घाईघाईनं येऊन म्हणतो, ‘भाऊ, कपाशी पिवळी पडली, जोरदार औषध द्या.’ कुठलाही शहाणा दुकानदार अशा वेळी फळीवरची बाटली काढील. साडभाऊ त्याला स्टुलावर बसवतात, वावरात पाणी कुठं तुंबतं याची चौकशी करतात आणि म्हणतात, ‘औषध कायले पाह्यजे बे? चर खोद अन् घरी जाय.’ माणूस रिकाम्या हातानं परत जातो. तो पुन्हा आला की साडभाऊ आधी विचारतात, ‘खोदला का चर?’ औषध कंपनीच्या माणसानं एकदा मोठं रंगीत पोस्टर आणून दिलं आणि दर्शनी भागात लावायची गळ घातली. साडभाऊंनी लावलं, पण तोंड भिंतीकडं करून. ‘दिला शब्द पाळला न? लावलं न?’ असं वर त्यालाच विचारलं. लोक त्यांना खुळे म्हणतात. म्हणोत. अशा खुळ्याच्या दुकानात गर्दी का असते, हे त्या लोकांनी मला एकदा समजावून सांगावं.

गाण्याच्या बाबतीत मात्र हा उफराटेपणा भक्तीला जाऊन मिळाला होता. पुढच्या खोलीत दोन उंच स्पीकर होते. ते ज्या लोखंडी पायांवर उभे होते ते पाय पोकळ, म्हणून साडभाऊंनी पैनगंगेची वाळू आणून, ती धुऊन आणि ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पापड वाळवायच्या धोतरावर वाळवून त्यांत भरली होती. पाय थरथरला तर गाणं थरथरतं, असं त्यांचं म्हणणं. धोतर पुन्हा पापडांच्या उपयोगी पडलं नाही, असं ताईंचं म्हणणं. वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून जागोजागी सागवानी ठोकळे होते, आणि झाडू मारताना त्यांतला एक जरी हलला तरी साडभाऊंना दुकानात बसल्या बसल्या कळतं अशी ताईंची खात्री होती. ‘देवघरात मी पारोशी गेली तं चालते,’ ताई माझ्या बायकोला सांगायच्या, ‘त्या खोलीत नाई चालत.’

आणि या सगळ्याच्या मधोमध, एका काळ्या दगडाच्या फरशीवर, तो डब्बा. साडभाऊंनी पुण्याहून मुद्दाम मागवलेला हा गाण्याचा सर्व्हर. चपटा, काळा, जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठा. त्याला पडदा नाही, पंखा नाही, बटण एकच. साडभाऊंची सगळी गाणी त्याच्या पोटात साठवलेली, आणि जे पोटात नाही ते तो इंटरनेटवरून आणून अ‍ॅम्प्लिफायरला देणार. ‘हे तर मोबाईलही करतो की,’ असं मी पहिल्याच दिवशी बोलून गेलो. साडभाऊंनी माझ्याकडे, मी वर्गात गुणाकार चुकणाऱ्या मुलाकडे बघतो तसं बघितलं. ‘गुरुजी, मोबाईल गाणं वाजवते, घंटी वाजवते, बातम्या दाखवते, मधातच हवामान सांगते. त्याले गाण्यासाठी सवड कधी? हा डब्बा एकच काम करते. ज्याले एकच काम असते त्याचं काम साफ असते. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बसा, ऐकवतो.’

हे ‘बसा, ऐकवतो’ ज्यानं मे महिन्यात ऐकलं आहे त्यालाच त्याची दहशत कळेल. आमच्याकडचा मे म्हणजे कावळे नळाखाली उभे राहतात असा. अशा भर दुपारी साडभाऊ आधी कूलर बंद करत, कारण त्याची घरघर गाण्यात येते. मग छताचा पंखा. मग आत जाऊन फ्रीजची पिन काढत. मग एक सोडून घरातले सगळे मोबाईल गोळा करून गव्हाच्या कोठीत ठेवत. मग दारं-खिडक्या लावत. आणि मग तीच एक जुनी ठुमरी आधी त्याच स्पीकरांना जोडलेल्या मोबाईलवरून आणि नंतर डब्यावरून, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकवत. सारंगी रडत असे आणि आपण घामानं निथळत असू. ठुमरी संपली की साडभाऊ विचारत, ‘फरक?’ ‘नाही जाणवला’ म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. ‘आहे’ म्हटलं की कूलर सुरू. आता तुम्हीच सांगा, कोण काय म्हणेल? माझ्या ओळखीत त्या खोलीतून ‘फरक नाही’ म्हणून बाहेर पडलेला एकही पाहुणा नव्हता. साडभाऊ ती सगळी आपल्या बाजूची मतं धरत.

यात एकच माणूस असा होता की जो स्वतःहून, आनंदानं, दर शुक्रवारी तिथं येऊन बसे. शकूरभाई मिस्त्री. साडभाऊंच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. शुक्रवारी दुपारची नमाज आणि जेवण आटोपून, धुतलेला पांढरा कुर्ता घालून शकूरभाई येत, आणि त्यांना बघून साडभाऊ ऐन गिऱ्हाइकीत दुकानाचं शटर अर्धं ओढून घेत. दोघं दुकानाला लागूनच असलेल्या घराच्या पुढच्या खोलीत बसत. कधी ठुमरी, कधी कव्वाली, कधी नुसतीच शहनाई. दर वेळी साडभाऊ विचारत, ‘काय शकूरभाई, पडला फरक?’ आणि शकूरभाई डोळे मिटूनच मान हलवत, ‘बहोत फरक आहे, भाऊ. क्या बात है.’ साडभाऊंचा चेहरा असा फुले की ताई म्हणायच्या, ‘पोरीच्या लग्नात एवढे खूश नव्हते.’

त्या पोरीचा नवरा, म्हणजे साडभाऊंचा जावई, पुण्यात नेटवर्क इंजिनियर. मऊ बोलणारा, हसतमुख, आणि दुर्दैवानं खरं बोलणारा मुलगा. तो आणि लेक आंबरसाच्या जेवणाला आले होते, आम्हीही होतो. वाटीवर वाटी रस झाला, आणि साडभाऊ म्हणाले, ‘बसा, ऐकवतो.’ शुक्रवार असल्यानं शकूरभाईही आले होते. कूलर बंद झाला. ठुमरी दोनदा झाली. ‘फरक?’ साडभाऊंनी विचारलं.

‘नाही, बाबा,’ जावई म्हणाला.

खोलीत कुणी श्वास घेतला नाही. एक तर गरमीमुळे, आणि एक तर हे वाक्य त्या भिंतींनी पहिल्यांदाच ऐकलं होतं म्हणून.

‘म्हणजे असं बघा,’ जावई समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘गाणं शेवटी आकड्यांत येतं. मोबाईलनं दिले काय आणि डब्यानं दिले काय, आकडे तेच. ज्या यंत्रात त्यांचा आवाज होतो ते आणि स्पीकर बदलले तर फरक पडेल. इथं तर दोन्ही तेच आहेत.’

‘तुमी यंत्राले विचारता, जवाईबापू,’ साडभाऊ म्हणाले. ‘मी कानाले विचारतो.’

‘मग कानालाच विचारू. पण डोळे झाकून.’

लेकीनं नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढलेला मी पाहिला. पण उशीर झाला होता. साडभाऊ उठून उभे राहिले होते. ‘लावा पडदा! अन् सगळ्यांच्या देखत सांगतो, मी हारलो तं हा डब्बा तुमचा. पुण्याले घेऊन जा. अन् तुमी हारले तं उमरखेडच्या बाजारात माह्या दुकानासमोर उभं राहून म्हणायचं, बाबाचे कान खरे.’

मग ताईंची जुनी चादर दोरीवर टाकून डब्बा, मोबाईल आणि जावई यांना तिच्या आड केलं. जावयानं दोन्हीकडचा आवाज अगदी सारख्या उंचीवर आणून घेतला. तो मागून गाण्याचा एकेक तुकडा लावणार, आणि साडभाऊंनी डब्बा की मोबाईल ते सांगायचं. वर्गातल्या मुलांच्या परीक्षा मी आयुष्यभर घेतल्या, पण इतका ताठ बसलेला परीक्षार्थी पाहिला नाही. पहिला तुकडा. ‘डब्बा!’ दुसरा. ‘मोबाईल. कसा कोंदट आहे पाहा.’ तिसऱ्याला ते खुर्चीतून अर्धे उठले, ‘आता! आता उघडलं दार! ऐकून राह्यले न गुरुजी? सारंगीवाला समोर येऊन बसला!’ मी चादरीच्या कडेला होतो, मला आतलं दिसत होतं. जावयानं काहीच बदललं नव्हतं. मोबाईलच वाजत होता.

असं बराच वेळ चाललं. शेवटी चादर काढली आणि जावयानं खाली मान घालून सांगितलं तेव्हा कळलं, की नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साडभाऊंना यापेक्षा जास्त गुण पडले असते. साडभाऊंनी चष्मा पुसला. मग, बुडता माणूस काठावरच्या झाडाकडे बघतो तसे ते शकूरभाईंकडे वळले. ‘शकूरभाई, माह्ये कान आज गरमीनं बसले असन. तुमी सांगा या लोकायले. तुमी तं दर शुक्रवारी ऐकता. फरक आहे का नाई?’

शकूरभाई कुर्त्याच्या बाहीशी चाळा करत होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ‘भाऊ,’ ते हळूच म्हणाले, ‘आज झूठ नाई बोलत. मले तं कधीच फरक समजला नाई.’

ताई उठल्या आणि त्या खोलीच्या इतिहासात पहिल्यांदाच, कुणाला न विचारता, त्यांनी कूलर सुरू केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्बा धोतरात गुंडाळून जावयाच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलेला होता. ‘बाबा, मी गंमत करत होतो,’ जावई काकुळतीला आला. ‘मी नव्हतो करत,’ साडभाऊ म्हणाले. लेक रडकुंडीला आली. ताईंनी डोळ्यांनी खुणा करून पाहिल्या. काही उपयोग झाला नाही. डब्बा गेला. त्यानंतर मी त्यांच्या दुकानात गेलो तर बघतो काय, ते प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगत होते, ‘ऐकलं का, मी जवाईबापूशी हारलो. डब्यानं काई फरक पडत नाई. भरल्या घरात सिद्ध झालं.’ तुरीचं बी न्यायला आलेल्या म्हाताऱ्याला यातलं काय कळणार? पण साडभाऊंना कुणी मागून हसण्याआधी समोरून सांगून टाकायचं होतं. हरणंही त्यांनी छाती काढूनच केलं. असं किती जणांना जमतं?

जमलं नाही ते एवढंच, की शकूरभाईंशी ते बोलेनात. रस्ता ओलांडायला दहा पावलं नव्हती, पण इकडचे डोळे तिकडे जाईनात. शुक्रवारी दुपारी शटर पूर्ण उघडं राहू लागलं. ताईंनी मला निरोप पाठवला, ‘तुमी या. घरात गाणं नाई, भांडण नाई. मले करमून नाई राह्यलं.’

मी गेलो. साडभाऊ म्हणाले, ‘हारल्याचं दुःख नाई, गुरुजी. जवाई शिकलेला आहे, त्याचं खरं असन. पण हा माणूस माह्यासमोर बसून मान हालवत होता. पाव्हणे कूलरसाठी हो म्हणत होते, समजत होतं मले. मी काई बुद्दू नाई. पण याले कूलरची पडली नव्हती. मंग हा काहून खोटं बोलला?’

याचं उत्तर ज्याच्याकडे होतं त्याच्याकडे मी रस्ता ओलांडून गेलो. शकूरभाई एका ट्रॅक्टरखाली होते. मला बघून बाहेर आले, हात पुसले, आणि मी विचारण्याआधीच बोलू लागले. ‘गुरुजी, सकाळपासून या गॅरेजमध्ये मले कोणी बस म्हणत नाई. शकूर हे पाहा, शकूर ते खोल. घरी गेलो तं तिथंही तेच. भाऊच्या घरी मी बसलो का ते दार लावते, मोबाईल कोठीत टाकते, पाणी आणून देते, अन् घंटाभर मले कोणी उठ म्हणत नाई. फरक आहे का विचारलं का मी म्हणो, आहे. मले वाटे, इथं बसल्यानं फरक पडते का, हेच विचारून राह्यले. गाण्याचं मले काय समजते?’

हे जसंच्या तसं मी अलीकडे येऊन सांगितलं. साडभाऊ एका बियाण्याच्या पिशवीचा दोरा ओढत ऐकत होते. दोरा पूर्ण निघाला आणि हरभरा सांडला, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. मग ते म्हणाले, ‘गाण्याचं समजत नाई म्हणते तो? त्याले काय समजते!’ आणि तसेच, चप्पल न घालता, भर रस्ता ओलांडून गॅरेजच्या दारात जाऊन ओरडले, ‘शुक्रवारी येजा! डब्बा नाई, मोबाईलवर ऐकू! पण येजा!’

शुक्रवारी शकूरभाई आले. मोबाईलवर कव्वाली लागली. ती रंगात येते तोच घंटी वाजली, कुणाच्या तरी सोयाबीनवर अळी पडली होती. साडभाऊंनी चांगली पाच मिनिटं त्याला झापलं. पुन्हा कव्वाली. पुन्हा घंटी. तिसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हा शकूरभाई खुर्चीवरून उठले, ‘चलता हूँ भाऊ, तुमाले काम आहे.’ साडभाऊंनी मोबाईलकडे असं बघितलं, की तो कोठीत नव्हे, विहिरीत जाणार असं मला वाटलं. त्यांनी तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला. ‘जवाईबापू, तुमचं सोळा आणे खरं. आवाजात फरक नाई. कोणाले लिहून पाह्यजे तं लिहून देतो. पण माहा डब्बा वापस पाठवा.’

पलीकडून जावयाचा आवाज आला, जरा चोरटा. ‘बाबा, तो… आम्ही लावलाय.’ मागून लेक सांगू लागली, की डब्बा आल्यापासून हे संध्याकाळी मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून गाणं ऐकत बसतात, ऑफिसचे मेसेजही बघत नाहीत, आणि बाबा, तो डब्बा मी काही आता परत देणार नाही.

‘म्हणजे फरक आहे!’ साडभाऊ गरजले.

‘फरक नाहीच, बाबा,’ जावई म्हणाला.

‘मंग वापस द्या!’

‘नाही देत, बाबा.’

सासरा आणि जावई यांचं इतकं मनापासून जमलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी तोड निघाली. दुकानात पावत्या करायला ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर अडगळीत पडून होता. जावई पुढच्या खेपेला आला तेव्हा त्यानं त्यातलं सगळं काढून टाकलं आणि गाण्याशिवाय दुसरं काहीही करायची सोय ठेवली नाही. त्याला पंखा होता, म्हणून साडभाऊंनी भिंतीला भोक पाडून तो पलीकडच्या कोठारात, युरियाच्या पोत्यांमागे ठेवला. शुक्रवार पुन्हा सुरू झाला. मी विचारलं, ‘कसा आहे आवाज?’ तर म्हणाले, ‘डब्याची सर नाई येत.’ ‘पण साडभाऊ, परीक्षा झाली, सिद्ध झालं, तुम्हीच गावभर सांगितलं…’ ‘परीक्षा गेली चुलीत,’ साडभाऊ म्हणाले. ‘मी हारलो हे खरं. डब्याचा आवाज चांगला होता हेबी खरं. तुमाले दोन्ही एका टायमाले समजत नसन तं तो तुमचा प्रश्न आहे.’ यावर ज्यांना उत्तर सुचत असेल त्यांनी उमरखेडला जाऊन द्यावं.

परवा एका शुक्रवारी न कळवता गेलो. बसमधून उतरून गल्लीच्या तोंडाशी आलो तर गाणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. मी चकित झालो. दार ढकललं. शकूरभाईंनी गॅरेज आता मुलाच्या हवाली केलं आहे. इंजिनांपाशी आयुष्य गेल्यानं त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, हे ताईंनी बायकोला फोनवर सांगितलं होतं. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते, गुडघ्यावर बोटानं ठेका धरून. शेजारी साडभाऊ, दाढ दुखावी तसा चेहरा करून. स्पीकरमधून आवाज अक्षरशः फाटत होता. त्यांच्यासारख्या कानाच्या माणसाला तो कसा सोसत असेल, देव जाणे.

मी त्यांच्याजवळ वाकून म्हणालो, ‘साडभाऊ, आवाज फार मोठा झालाय.’

‘कोन म्हणते?’

‘मी म्हणतो. गल्लीत ऐकू येतोय.’

‘तुमचे कान खराब झाले, गुरुजी. यवतमाळले जाऊन दाखवून घ्या.’

शकूरभाईंनी डोळे उघडले. ‘क्या हुआ, भाऊ?’

साडभाऊ त्यांच्या कानाशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘काई नाई. गुरुजी म्हणून राह्यले, चांगलं लागलं गाणं.’

शकूरभाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले. साडभाऊंनी मला हातानं खाली बसायची खूण केली. मी चपला काढून भिंतीशी बसलो.